बॅटरीचं आयुष्य भिंतीवर ठरतं

धारवाडचं सप्तापूर म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, वसतिगृहं आणि अभ्यासिका यांचा परिसर. परीक्षा तोंडावर असताना रात्री वीज गेली, तर इथे शेकडो मुलांचा अभ्यास थांबतो. म्हणून जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी ही इथली नेहमीची सोय आहे, आणि आता गच्चीवर सौर पॅनेलही येऊ लागली आहेत. पण ही खरेदी होताना चर्चा दोनच गोष्टींची होते: पॅनेल किती वॉटचं आणि बॅटरी किती एएचची (अँपियर-तासांची). या दोन्हींच्या मध्ये बसणारा, भिंतीवर अडकवलेला किंवा सोलर इन्व्हर्टरच्या पोटातच असणारा चार्ज कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. त्याच्यात काय काय ठरवता येतं, हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे. सगळ्या संचात वारंवार बदलावी लागणारी महागडी वस्तू बॅटरीच असते. ती दोन वर्षांत बसणार की सहा वर्षं चालणार, हे तिच्यावर छापलेल्या वॉरंटीपेक्षा कंट्रोलरवर आणि त्यात भरलेल्या आकड्यांवर जास्त अवलंबून असतं. आणि धारवाडसारख्या, कडक उन्हाळा आणि झाकोळलेला पावसाळा दोन्ही सोसणाऱ्या गावात तर फारच.

कंट्रोलर कशाला लागतो, हे समजण्यासाठी आधी बॅटरीच्या आत पाहिलं पाहिजे. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी बनवली. आजच्या ट्युब्युलर बॅटरीतली रसायनक्रिया तीच आहे. बॅटरी वापरताना तिच्या दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होतं. चार्ज करताना ही क्रिया उलटी फिरते, सल्फेट विरघळतं आणि आम्ल पुन्हा घट्ट होतं. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरून काही तास निवांत ठेवलेली बॅटरी साधारण 12.7 व्होल्ट दाखवते, निम्मी भरलेली 12.2 च्या आसपास. म्हणजे पूर्ण आणि निम्मी यांच्यात फरक अर्ध्या व्होल्टचा. यंत्राने अर्धा व्होल्ट चुकीचा वाचला, तर बॅटरीची अवस्था ओळखण्यात त्याची मोठीच चूक होते, हे इथेच ध्यानात ठेवायला हवं.

या बॅटरीला दोन रोग आहेत आणि दोन्ही चार्जिंगमधून येतात. पहिला अपुऱ्या भरणाचा. प्लेटांवर नुकतंच जमलेलं सल्फेट बारीक कणांचं असतं आणि सहज विरघळतं. पण बॅटरी दिवसचे दिवस अर्धवट भरलेली राहिली, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक होतात. ते नंतर कितीही चार्ज केलं तरी पुरते विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय घट्ट आम्ल तळाशी आणि पातळ आम्ल वर असे थर पडतात. दुसरा रोग अति भरणाचा. व्होल्टेज 14.4 च्या पुढे रेटत ठेवलं, की वीज प्लेटांऐवजी पाण्यावर खर्च होते, पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातात, आणि मेकॅनिक ज्याला ‘बॅटरी उकळली’ म्हणतात ते घडतं. उघड्या झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून नुकसान काही अंशी भरून काढता येतं. सीलबंद बॅटरीत तेही जमत नाही. कंट्रोलरचं सगळं कौशल्य या दोन रोगांच्या मधून वाट काढण्यात आहे. बॅटरी रोज काठोकाठ भरली पाहिजे, पण उकळता कामा नये.

चांगला कंट्रोलर हे तीन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यात, ज्याला यंत्राच्या पडद्यावर ‘बल्क’ म्हणतात, पॅनेलकडून येईल तेवढा करंट बॅटरीत जातो आणि व्होल्टेज चढत 14.4 पर्यंत पोचतं. तोवर बॅटरी साधारण ऐंशी टक्के भरलेली असते. खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ‘ऍब्सॉर्प्शन’मध्ये असते. ज्वारीचं पोतं भरताना धान्य आधी भसाभस ओततात, पण तोंडाशी आलं की पोतं आपटून, दाणे खाली बसवून उरलेली जागा ओंजळीओंजळीने भरावी लागते. तसंच इथे आहे. व्होल्टेज 14.4 वर धरून ठेवायचं आणि बॅटरी घेईल तसा करंट कमी कमी होऊ द्यायचा. याला दोन ते चार तास लागतात. 150 एएचच्या बॅटरीचा करंट दोन-तीन अँपियरवर उतरला, की ती भरली असं म्हणायचं. मग तिसरा टप्पा ‘फ्लोट’: व्होल्टेज 13.5 ते 13.8 वर आणून, बॅटरी आपोआप जेवढी झिरपते तेवढंच भरत राहायचं. याशिवाय उघड्या झाकणाच्या ट्युब्युलर बॅटरीला अधूनमधून, काही तास, मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन आम्लाचे थर ढवळावे लागतात आणि मागे पडलेले सेल बरोबरीला आणावे लागतात. त्याला ‘इक्वलायझेशन’ म्हणतात. सीलबंद बॅटरीला मात्र हे कधीही करायचं नसतं. म्हणूनच कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार योग्य निवडणं हे पहिलं काम. स्वस्त यंत्रं 14.4 ला हात लागताच काम झालं असं समजून फ्लोटवर उतरतात. तेव्हा हिरवा दिवा लागतो, घरधन्याचं समाधान होतं आणि बॅटरी दर दिवशी पाचवा हिस्सा रिकामी राहते.

आता धारवाडचं हवामान यात मिसळून पाहू. इथे वर्षभराची सरासरी काढली, तर चौरस मीटरवर रोज पाच ते साडेपाच युनिटइतकी सूर्याची ऊर्जा पडते. पण हा आकडा फसवा आहे. मार्च-एप्रिलमध्ये तो सहाच्या पुढे जातो आणि जुलैत, दिवसेंदिवस रिपरिप चालू असताना, चारच्या आसपास येतो. समजा एका छोट्या वसतिगृहात 150 एएचची एक बॅटरी आहे. तिच्यावर पाच एलईडी दिवे, दोन कमी विजेचे पंखे आणि एक राउटर मिळून साधारण 115 वॉटचा लोड रोज चार तास चालतो. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर रोज सुमारे 45 एएच खर्च होतात. गच्चीवर 72 सेलचं 330 वॉटचं पॅनेल आहे. त्याची रचना 37 ते 38 व्होल्टवर जवळपास 9 अँपियर देण्यासाठी केलेली असते. ‘पीडब्ल्यूएम’ जातीचा साधा कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीला जोडतो, म्हणून पॅनेलला बॅटरीच्याच 13 व्होल्टवर काम करावं लागतं. अँपियर तेवढेच राहतात, व्होल्ट मात्र तिपटीने घटतात, आणि 330 वॉटच्या पॅनेलमधून हाती येतात जेमतेम 117 वॉट. जुलैच्या दिवसात असे चार तास धरले तर 36 एएच येतात. त्यातले काही रसायनक्रियेतच वाया जाऊन प्लेटांपर्यंत तिसाच्या आसपास पोचतात. खर्च 45, जमा 31. आठवड्याभरात ही बॅटरी निम्म्याच्या खाली येते आणि तिथेच रेंगाळते. मघाशी सांगितलेला पहिला रोग याच दिवसांत जडतो.

तेच पॅनेल ‘एमपीपीटी’ जातीच्या कंट्रोलरला जोडलं तर हिशेब पालटतो. प्रत्येक पॅनेलचा, त्या क्षणीच्या उन्हानुसार, एक असा बिंदू असतो जिथे व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो. एमपीपीटी कंट्रोलर तो बिंदू सतत शोधत राहतो, पॅनेलला तिथेच चालवतो आणि जास्तीच्या व्होल्टचं रूपांतर अँपियरमध्ये करून बॅटरीला देतो. सगळी गळती वजा करूनही जुलैच्या त्याच चार तासांत साठ-पासष्ट एएच प्लेटांपर्यंत पोचतात. रोजचा खर्च भागून दुसऱ्या टप्प्यासाठी शिल्लक राहते. पॅनेल तेच, बॅटरी तीच, गच्ची तीच. मधलं यंत्र बदलल्याने पावसाळ्यातली तूट भरून निघाली. मात्र खरेदी जपून करायला हवी, कारण बाजारात एमपीपीटी असं नुसतं छापलेले साधे कंट्रोलरही मिळतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. चांगलं ऊन आणि भुकेली बॅटरी असताना, पॅनेलकडून येणारा आणि बॅटरीकडे जाणारा करंट क्लॅम्प मीटरने मोजायचा. अशा उंच व्होल्टेजच्या पॅनेलवर बॅटरीकडचे अँपियर पॅनेलकडच्यापेक्षा ठळकपणे जास्त दिसले, तरच ते यंत्र खरं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. साधा कंट्रोलर स्वस्त आहे, वर्षानुवर्षं चालत आला आहे, मग महागाचा कशाला? उत्तर संचाच्या आकारावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचं 36 सेलचं पॅनेल 17-18 व्होल्टवर चालतं. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठीच ते घडवलेलं असतं. चाळीस-पन्नास वॉटच्या अशा पॅनेलवर दोन-तीन दिवे लावायचे असतील, तर पीडब्ल्यूएम कंट्रोलर पूर्णपणे योग्य आहे आणि एमपीपीटीवरचा जास्तीचा खर्च कधी वसूल होणार नाही. पण बाजार आता मोठ्या पॅनेलांचा झाला आहे. वॉटमागे तीच स्वस्त पडतात, म्हणून लोक तीच घेतात आणि जुन्या सवयीने साधा कंट्रोलर जोडतात. पॅनेलवर वाचवलेले पैसे मग वाया गेलेल्या उन्हात आणि लवकर मेलेल्या बॅटरीत दुपटीने जातात. म्हणून माझा आग्रह महाग यंत्राचा नाही. पॅनेल आणि बॅटरी यांच्याशी जुळणारं यंत्र असावं आणि ते आधी निवडलं जावं, एवढाच आहे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. वर सांगितलेले सगळे आकडे 25 अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. बॅटरी तापली की तिच्यातली क्रिया वेगाने होते आणि ती कमी व्होल्टेजलाच उकळू लागते. म्हणून दर अंशाला, दर सेलमागे, तीन ते पाच मिलिव्होल्ट उतरवावे लागतात. एप्रिल-मेमध्ये धारवाडचा पारा 37-38 वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद जिन्याखाली बॅटरी सहज 40 अंशांवर असते. तेव्हा 14.4 ऐवजी साधारण 14.05 व्होल्टच द्यायला हवेत. कंट्रोलरने ही कपात केली नाही, तर भरपूर उन्हाच्या त्या दोन महिन्यांत बॅटरी रोज दुपारी उकळत राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा या क्षेत्रातला मान्य ठोकताळा आहे. त्यावर चुकीच्या व्होल्टेजची भर कशाला? तापमान मोजणारा सेन्सर बऱ्याच यंत्रांच्या डब्यातच असतो, पण हवेशीर भिंतीचं तापमान आणि कोंदट कपाटातल्या बॅटरीचं तापमान एक नसतं. ज्या यंत्राला वायरने जोडून बॅटरीच्या अंगाला चिकटवता येणारा सेन्सर आहे, ते इथे जास्त उपयोगाचं.

वायरिंगचंही तेच. कंट्रोलर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर. गच्चीजवळ कंट्रोलर आणि पाच मीटर खाली बॅटरी, मध्ये 4 चौरस मिलिमीटरची केबल, आणि 15 अँपियर करंट, असा हिशेब केला तर जाण्यायेण्याच्या दहा मीटर तांब्यात सुमारे 0.7 व्होल्ट खर्च होतात. कंट्रोलरला 14.4 दिसतात आणि बॅटरीच्या पदरात 13.7 पडतात. पहिला टप्पा मग वेळेआधीच संपतो. पुढे करंट उतरतो तशी ही तफावत घटते, पण तोवर उन्हाचे मोलाचे तास निघून गेलेले असतात. लांब वायर द्यायचीच असेल तर ती पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यात द्यावी. कंट्रोलर आणि बॅटरी हाताच्या अंतरावर, जाड केबलने आणि बॅटरीलगत फ्यूज लावून जोडावेत. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम पाळावा. बॅटरी जोडलेली नसताना पॅनेलचं चढं व्होल्टेज अनेक यंत्रांना सोसत नाही. आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्यामुळे मुलं झोपतात त्या बंद खोलीत उघड्या झाकणाची बॅटरी कधीही असू नये.

कंट्रोलरचं आणखी एक काम म्हणजे बॅटरी फार खाली गेली की लोड तोडणं. कर्नाटकात याची जाण जुनी आहे. हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या सेल्को कंपनीने याच राज्यात घरगुती सौर दिवे पोचवले. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने कॅनरा आणि सिंडिकेट बँकांनी अशा दिव्यांसाठी कर्जं दिली. आणि 2011 मध्ये हांडे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जावर घेतलेला दिवा कर्ज फिटेपर्यंत तरी जळला पाहिजे, म्हणून अशा व्यवहारात बॅटरीचं आयुष्य हाच कळीचा मुद्दा होतो. जगभरच्या अशा योजनांमधून एक अनुभव मात्र पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे. रात्री कंट्रोलरने दिवा बंद केला की लोक तो वगळून दिवा थेट बॅटरीला जोडतात. त्या रात्री उजेड मिळतो आणि काही महिन्यांत बॅटरी जाते. शहरातल्या संचात हीच चूक नकळत होते. कंट्रोलरची तोडणी त्याच्या स्वतःच्या लोड टर्मिनलपुरती असते. इन्व्हर्टर मात्र थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि अनेक इन्व्हर्टर 10.5 व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरी पुरती पिळून निघाल्यावर, बंद पडतात. इन्व्हर्टरमधली ही मर्यादा बदलता येत असेल, तर हलक्या लोडला ती साडेअकराच्या आसपास आणावी. बॅकअप थोडा कमी मिळेल, बॅटरी कितीतरी जास्त टिकेल.

काहीजण म्हणतील, घरात वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची, वीज आहेच, तीही बॅटरी भरते. मग सौर कंट्रोलरच्या आकड्यांची एवढी चिंता का? शिवाय 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली 200 युनिटांच्या मर्यादेत घरगुती वीज मोफत आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. बहुतेक सोलर इन्व्हर्टर सौर वीज आधी वापरण्यावर लावलेले असतात आणि बॅटरी बरीच खाली गेल्यावरच बाहेरची वीज घेतात. पावसाळ्यात त्यामुळे बॅटरी आठवडेच्या आठवडे मधल्या पातळीवर लोंबकळते. वीज घरात आहे, ती स्वस्त किंवा मोफत आहे, आणि तरीही बॅटरी अर्धपोटी मरते, कारण यंत्राला तसं सांगितलेलं आहे. जून ते सप्टेंबर हा क्रम बदलून आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या विजेवर बॅटरी काठोकाठ भरू द्यावी. 150 एएचच्या बॅटरीला यासाठी दोन-अडीच युनिट पुरतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतले संच बहुतांशी थेट ग्रिडला जोडलेले, बिनबॅटरीचे असतात, हेही खरं. पण ग्रिडची वीज गेली की तारेवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ते स्वतः बंद पडतात. अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरी टळत नाही.

शेवटचा आक्षेप लिथियमचा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या आतच बीएमएस नावाचा नियंत्रक असतो, मग बाहेरचा कंट्रोलर दुय्यम झाला का? तसं नाही. बीएमएस हा धोक्याच्या क्षणी तोडणारा पहारेकरी आहे. रोजचं भरण त्याच्यावर सोपवायचं नसतं. या बॅटरीला अर्धवट भरलेलं राहणं बाधत नाही, हा तिचा मोठा गुण, आणि धारवाडच्या पावसाळ्याला तो फार सोयीचा. पण तिचे आकडे वेगळे आहेत. 14.2 ते 14.6 व्होल्टपर्यंत भरायचं, इक्वलायझेशन अजिबात नाही, तापमानानुसार कपात बंद. शिसे-आम्लाच्या आकड्यांवर ठेवलेल्या जुन्या कंट्रोलरने इक्वलायझेशनला साडेपंधरा व्होल्ट लावले, तर बीएमएसला वारंवार बॅटरी तोडावी लागेल आणि ज्या रात्री उजेड हवा त्याच रात्री तो जाईल. बॅटरी बदलली तरी कंट्रोलर नीट लावण्याची जबाबदारी सुटत नाही.

हे सगळं पाळणं ग्राहकाच्या हातात आहे आणि त्याला अभियंता असावं लागत नाही. संच बसवून घेताना चार आकडे लिहून मागावेत: ऍब्सॉर्प्शनचं व्होल्टेज आणि त्याची वेळ, फ्लोटचं व्होल्टेज, तापमानाची कपात, आणि लोड तोडण्याची पातळी. ते बॅटरी बनवणाऱ्याच्या पत्रकाशी ताडून पाहावेत आणि बॅटरीशेजारी भिंतीवर चिकटवावेत. ट्युब्युलर बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा हायड्रोमीटरने प्रत्येक सेल पाहावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत तो आम्लाची सापेक्ष घनता साधारण 1.240 दाखवतो, आणि सेलांमध्ये मोठी तफावत दिसली तर इक्वलायझेशनची वेळ झाली असं समजावं. इलेक्ट्रिशियनला हे आकडे ठाऊक नसतील, तर ते शिकवण्याची सोय धारवाड-हुबळीत व्हायला काहीच अडचण नाही. आयआयटीपासून आयटीआयपर्यंत सगळ्या संस्था या जोडशहरात आहेत. शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसंच असतं, आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असली, तरी शिशाचा कचरा टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे बॅटरी लवकर मरू न देणं. सौर ऊर्जा स्वच्छ आहे असं आपण म्हणतो, ते दोन-दोन वर्षांनी शिशाची बॅटरी फेकत राहिलो तर खरं ठरत नाही. ते खरं करायचं असेल तर पुढच्या खरेदीत पहिला प्रश्न कंट्रोलरचा विचारावा, पॅनेल आणि बॅटरी त्यानंतर.